डावा गाल, उजवा गाल

गंधक आणि गुलाबपाणी एकाच बाटलीत घालून ती हलवली आणि बूच काढले, की जो वास येतो त्याला नाव नाही. गंधक भुईच्या पोटातून आल्यासारखे, पिवळे, कोंदट. गुलाबपाणी लग्नमांडवातून आलेले. दोघांचे एकमेकांशी पटत नाही, तरी बूच लावले की एकत्र राहावे लागते. परवा बेळगावात औषधांच्या एका दुकानात हा वास अवचित आला आणि मी पायरीवरच थबकले. पाय मात्र थबकायला तयार नव्हते. ते चाळवू लागले, जणू मागून कुणी म्हणणार होते, "बसलीस काय? सावली सरकली."

निपाणीच्या मुलींच्या शाळेतल्या आमच्या मोठ्या बाई असे म्हणत. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, शाळेच्या भिंतीवर बादशहाची तसबीर होती, आणि त्या तसबिरीखाली बाईंना कुणी कधी बसलेले पाहिले नव्हते. किंबहुना बाईंना बसलेलेच कुणी पाहिले नव्हते. आमचा वर्ग सावलीच्या मागे चाले. सकाळी इमारतीच्या पश्चिम भिंतीला, माध्यान्ही चिंचेखाली, दिवस कलला की पूर्वेच्या ओट्यावर. सावली हातभर सरकली की बाईंचा पदर सळसळे आणि आम्ही पाट्या, दप्तरे, बसकरे गोळा करून सरकत असू. एखादी बेरीज एका भिंतीला मांडलेली असे आणि तिचे उत्तर दुसऱ्या भिंतीला निघे. इतर शाळांतल्या मुली भूगोल नकाशावरून शिकल्या. आम्ही सूर्य कुठे आहे हे बाईंच्या चेहऱ्यावरून शिकलो.

तो चेहरा लाल होता. लाल म्हटले की एकच रंग डोळ्यांपुढे येतो, पण बाईंच्या चेहऱ्यावर लालीचे सारे प्रहर नांदत. पहाटे पाण्यात विरघळलेल्या कुंकवासारखी फिकी, दुपारी विटेसारखी, आणि संतापाच्या वेळी पत्र्यावर वाळत घातलेल्या संकेश्वरी मिरचीसारखी. गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग एवढेच तिचे राज्य. डोळ्यांभोवतीची कातडी गोरी आणि शांत राही, त्यामुळे आगीच्या खिडकीतून कुणी बाहेर पाहावे तशा बाई दिसत. जवळ गेले तर गालांवर तंबाखूच्या पानात असतात तशा बारीक शिरा दिसत, आणि मधूनमधून पुटकुळ्या. खाज नव्हती म्हणे. जळजळ होती. वारा सुटला तरी जळे, वारा पडला तरी जळे. त्यांच्या अस्वस्थपणाचे मूळ त्या जळण्यात होते, की जळण्याचे मूळ अस्वस्थपणात, हे मला आजही सांगता येणार नाही.

बाई मूळच्या लोंढ्याच्या. वडील रेल्वेत होते. तिथले रान ओले, घरावर दिवसभर झाडांची छाया, आणि तिथे आपला चेहरा गप्प असे, असे त्या सांगत. "गप्प असे" हे त्यांचेच शब्द. चेहरा बोलतो, कुरकुरतो, गप्प होतो असेच त्या म्हणत. मग बेळगावला ट्रेनिंग झाले, निपाणीत नोकरी लागली, आणि इथली उघडी काळी राने, उन्हाचा मार आणि वखारींतून उडणारी तंबाखूची धूळ यांनी तो चेहरा जो बोलू लागला तो थांबला नाही. लग्नाविषयी त्या कधी काही बोलल्या नाहीत आणि विचारण्याची कुणाची छाती झाली नाही.

मी सदलग्याची. घर जैनांचे, शेती तंबाखूची, घरात बोलणे कानडी. मुलींना सातवीपर्यंत शाळा आमच्याकडे नव्हती, म्हणून वडिलांनी, आप्पांनी, मला निपाणीत आत्याकडे ठेवले होते. आत्या विधवा, नवऱ्यामागे वखार स्वतः चालवीत असे. तिच्या घराच्या माडीवर मोठ्या बाई भाड्याने राहत. म्हणून शाळेत जे इतर मुलींना केवळ दिसे त्याची तयारी मला घरी ऐकू येई. सहाणेवर चंदन उगाळल्याचा आवाज. मुलतानी मातीवर पाण्याचे थेंब पडल्याचा आवाज. आणि फळ्यांवरून येरझारा घालणारी पावले, दिवे लागेपर्यंत.

बाईंची उपचारांची पद्धत जगावेगळी होती. एका वेळी एकच औषध, आणि तेही एकाच गालावर. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत डाव्या गालाला जे लावायचे ते लावायचे. उजवा तसाच ठेवायचा. दोन्हींना औषध दिले तर औषधाने बरे वाटले की हवेने, हे कळणार कसे, असा त्यांचा प्रश्न. वर्गातल्या मुलींशी बोलावे तसे त्या गालांशी बोलत. "डावीनं आज अभ्यास केलेला दिसतोय," असे आरशापुढे म्हणत, आणि उजवीला, "तू मागच्या बाकावर बैस अजून." अर्धा चेहरा चंदनाने पांढुरका आणि अर्धा धगधगीत, अशा त्या भर पेठेतून शाळेला निघत. दुकानदार तराजू हातात धरून बघत राहत. आम्ही मुली त्यांना आपसात अष्टमी म्हणत असू, आणि त्यांना ते ठाऊक होते, कारण एकदा चांद्रमासाचा धडा शिकवताना त्या सहज म्हणाल्या, अष्टमी कशी दिसते ते तुम्हांला सांगायला नको.

चंदन झाले. वाळ्याच्या पाण्याच्या घड्या झाल्या. काकडीचा कीस, दह्याची निवळी, दूर्वांचा रस. एका महिन्यात धुतलेले तूप होते. ताज्या तुपाला तांब्याच्या परातीत काशाच्या वाटीने घासायचे, पाणी घालायचे, पाणी ओतून द्यायचे, पुन्हा घासायचे, शंभर वेळा, म्हणजे ते लोण्याहून पांढरे आणि चांदण्याइतके थंड होते. परात माझ्या मांडीवर असे. काशाचा तो घुमता, ओला आवाज अजून माझ्या मनगटात आहे. आत्या उंबऱ्यात उभी राहून म्हणे, असलं साजूक तूप धुऊन गालाला फासण्यापेक्षा पुरणावर घातलं तर तोंड आपोआप उजळेल.

एका महिन्यात जळवा आल्या. न्हाव्याने गाडग्यातून आणून डाव्या कानशिलाशी लावल्या आणि त्या फुगून गळून पडल्यावर तो त्यांच्यावर हळद टाकणार, तेवढ्यात आत्या मध्ये पडली. आमच्या घरात जीव मारायचा नाही. तुडुंब प्यालेल्या त्या जळवा आत्याने स्वतः गाडग्यात भरून ओढ्यावर नेल्या आणि हलक्या हाताने पाण्यात सोडल्या. परत येऊन बाईंना म्हणाली, "तुमचं रगत पिऊन त्या आता मराठी शाळा काढत्यात बघा ओढ्यात." बाई इतक्या हसल्या की दोन्ही गाल सारखेच लाल झाले आणि तो महिना मोजणीतून बाद करावा लागला.

जत्रेतल्या एका वैदूच्या गोळ्यांनी हिरड्या दुखू लागल्या, तेव्हा त्या गोळ्या त्यांनी चुलीत टाकल्या. शेवटी बेळगावच्या कॅम्पातल्या एका वृद्ध डॉक्टरांनी गंधकाचे ते गुलाबपाण्यातले औषध दिले आणि खरे काय ते सांगितले. हे मुळातून जात नाही. शांत ठेवता येते. ऊन, कढत चहा, तिखट, चुलीची धग आणि संताप, एवढे टाळायचे. गंधकाने डावी खरोखरच पुष्कळ गप्प झाली. बाई चहा बशीत ओतून त्यावर साय धरेपर्यंत थांबू लागल्या. आमच्या भागात, जिथे भाकरीबरोबर खर्डा नसेल तर पाहुणा रुसतो, तिथे त्या ताकभात जेवू लागल्या. चुलीकडे तर फिरकेनाशाच झाल्या. संताप तेवढा राहिला. तो आपल्याला नोकरीसाठी लागतो, असे त्या म्हणत.

आणि लागतच असे. शाळा व्यापाऱ्यांच्या एका मंडळाची होती. मुलींना भरतकाम पुरे, भूमिती कशाला, असे मंडळाचे अध्यक्ष मानत. बाई त्यांच्याशी वाद घालायला जात तेव्हा तोंड उघडण्याआधीच चेहरा सगळे सांगून टाकी. मनातले झाकून ठेवण्याची सोय देवाने बहुतेकांना दिली आहे. बाईंना दिली नव्हती. म्हणूनच की काय, कविता शिकवताना त्या भिंतीकडे तोंड करीत. आम्हांला फक्त अंबाडा, मानेवरची घामेजली बट आणि आवाज. एखाद्या ओळीपाशी आवाज थांबे, मान किंचित खाली जाई, कानांच्या पाळ्या पेटत. कवितेचा अर्थ पुढे मला अनेक विद्वानांनी समोरून सांगितला, पण ती कानाच्या पाळीपर्यंत कशी चढते हे मी पाठीमागून पाहिले आहे.

आत्याचे आणि बाईंचे एका गोष्टीवरून रोज वाजे. आत्याच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होते आणि ते तिच्या वखारीत छपरापर्यंत रचलेले होते. दाढ दुखली, तंबाखू. विंचू चावला, तंबाखू. बैलाला गोचीड झाले, तंबाखूचे पाणी. बाईंच्या गालावर डोळ्यांना न दिसणारे किडे आहेत, ते या पाण्याने मरतील, असे तिचे ठाम मत. जळवांना जीव होता. हे किडे मात्र तिच्या अहिंसेच्या हिशेबात कसे बसले नाहीत, ते तीच जाणे. बाई हसून सांगत, "आक्का, तुमच्या तंबाखूचा नंबर अजून लागला नाही." आत्या माघारी मला म्हणे, शिकलेली बाई, गावच्या पिकावर भरोसा न्हाय.

मी सातवीच्या, म्हणजे फायनलच्या वर्गात होते तेव्हाचा हिवाळा सरत होता. वखारींत नवा माल येत होता, सारे गाव शिंकत होते, वाऱ्याला तपकिरी चव होती. त्या दिवसांत गावात एक शब्द फिरू लागला. आधी लोक म्हणत की बाई घेतात. लाल तोंडाचा तोच सोपा अर्थ. त्याला बाई भीक घालीत नसत. पण आता म्हणू लागले, रगतपिती, म्हणजे महारोग. माळावर तसली माणसे राहत. गावात येत नसत. त्यांच्यासाठी कडेच्या दगडावर भाकरी ठेवली जाई. ती अशीच सुरू होते, आधी गाल आणि कान तांबडे होतात, असे कुणीतरी म्हणाले, आणि कुणीतरी म्हणालेले सगळ्यांनी म्हटले. दोघी-तिघी मुली यायच्या थांबल्या. मग अध्यक्ष स्वतः शाळेत आले. बक्षीससमारंभाला बाहेरगावचे पाहुणे येणार होते. ते उभ्या उभ्याच बोलले, फार सौम्यपणे. म्हणाले, बाई, त्या दिवसापुरता चेहरा जरा नीट करून या.

त्या संध्याकाळी माडीवरच्या फळ्यांना विसावा नव्हता. मी खाली पाटीवर त्रिकोण काढत होते आणि प्रत्येक पावलाबरोबर रेघ वाकडी जात होती. दिवेलागणीला बाई खाली आल्या. गंधकाची बाटली हातात नव्हती.

"आक्का, तुमच्या तंबाखूचा नंबर लागला," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "दोन्ही गालांना."

पहिल्या वाक्याने आत्या हरखली. दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला कळला. इतक्या वर्षांत बाईंनी उजव्या गालाला हात लावला नव्हता. हवा कोणती आणि औषध कोणते हे जाणून घ्यायची इच्छाच त्यांनी त्या संध्याकाळी सोडून दिली होती. त्यांना फक्त एका दिवसापुरता इतरांसारखा चेहरा हवा होता. अशा वेळी अडवायचे असते, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

आत्याने वखारीतले उत्तम पान निवडले. उकळून काळाभोर काढा केला, गुण लवकर यावा म्हणून त्यात चुना घातला, आणि समारंभाच्या दिवशी पहाटे फडके भिजवून बाईंच्या साऱ्या तोंडावर बांधले. घरभर उग्र, गोडसर, डोक्यात चढणारा वास भरला. फडके सोडले तेव्हा बाईंचे ओठ पांढरे पडले होते आणि गाल सुजून चकाकत होते. त्या दोनदा ओकल्या. तरीही निघाल्या. पेठेतून भिंतीला हात लावीत लावीत चालल्या, आणि मी मागून, त्यांची छत्री धरून.

पुढचे मी थोडक्यात सांगते, कारण ते सविस्तर आठवायला मला आवडत नाही. आम्ही मुली स्वागताचे गाणे म्हणत होतो. बाई पाहुण्यांना हार घालायला पुढे झाल्या आणि हारासकट त्यांच्या पायांशी कोसळल्या. कुणी पाणी मारले. पदराने तोंड पुसले तेव्हा गालांची साल पदराबरोबर आली. खालची कच्ची, ओली कातडी सगळ्या सभेने पाहिली. आयांनी आपापल्या मुली ओढून जवळ घेतल्या. त्यानंतर त्या शब्दाला कुणाच्या तोंडून निघण्याची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली आम्ही मोजक्याच होतो, आणि सावली सरकली तरी कुणी उठवायला आले नाही. मंडळाने कळवले की आयांचे समाधान होईपर्यंत शाळा बंद. दुसरी शिकलेली बाई त्या काळात निपाणीला मिळणार नव्हती, तेव्हा बंद म्हणजे कायमची बंद, हे आम्हांलाही समजत होते. बाईंचे चालणे थांबले नव्हते. फक्त आता माडीवरून कुठला वास येत नव्हता. दोन्ही गाल उघडे, खपल्या धरलेले. बेळगावच्या डॉक्टरांचा दाखला आणा, असे कुणी सुचवले. त्या म्हणाल्या, आज चेहऱ्याला दाखला आणला तर उद्या हातापायांना मागतील.

मी आत्याला म्हटले की हे तुझ्या काढ्याने झाले, ते सगळ्यांना सांग. आत्याने माझ्याकडे असे पाहिले की मी भिंतीला टेकले. तंबाखूनं माणसाचं तोंड जळतं असं निपाणीतल्याच वखारवालीनं सांगायचं? मग बाकीच्या वखारवाल्यांनी तिला गावात उभं करायचं का? ती तडतडत निघून गेली. पण त्या दिवसापासून तीही एका जागी बसेना. सुपातले धान्य निवडायला घेई, तसेच ठेवी. वखारीत जाई, अर्ध्या वाटेतून परते. माडीच्या जिन्यापर्यंत ताकाचा तांब्या घेऊन जाई आणि मला हाक मारून वर पाठवी.

सदलग्याला बातमी पोचायला किती वेळ लागणार? आप्पा गाडी घेऊन आले. आप्पा अबोल. त्यांनी मला ट्रंक भरायला सांगितली, एवढेच. फायनल उन्हाळ्यात होती. सदलग्याला गेले की ती संपली, आणि तिच्यापुढचे जे काही मी मनात मांडून ठेवले होते तेही. मी रडले नाही. ट्रंकेत पुस्तके खाली घातली आणि लुगडी वर, म्हणजे उघडणाऱ्याला आधी लुगडी दिसावीत. आत्या वेशीपर्यंत सोबत म्हणून गाडीत बसली.

शाळेशी रस्ता अडलेला होता. फाटकात, कुंपणाशी, रस्त्यावर माणसे. बहुतेक बायकाच. बाईंनी घरोघर निरोप धाडला होता की ज्यांना शंका आहे त्यांनी यावे. गाडी थांबली. गाडीत उभी राहून मी पाहिले, आणि जे पाहिले त्यावर माझा विश्वास बसेना. बाई बसल्या होत्या. मोकळ्या पटांगणात, चिंचेच्या सावलीपासून दूर, रणरणत्या उन्हात, एका लाकडी स्टुलावर, डोळे मिटून.

त्यांचा आवाज मात्र वर्गातला होता. त्या म्हणाल्या, रगतपितीच्या डागाला स्पर्श कळत नाही, हे तुम्हां सर्वांना माहीत आहे. माझ्या गालांना वाऱ्याची झुळूकही कळते. खोटे वाटत असेल तर डोळे मिटून बसले आहे. कुणीही या, कुठेही हात लावा, मी सांगते.

कुणी गेले नाही. कसे जाणार? हात लावण्याचीच तर भीती होती. ऊन त्यांच्या चेहऱ्यावर सांडत होते आणि लाली खपल्यांखालून वर येत होती. लांबून पाहणाऱ्यांना तो आपल्याच म्हणण्याचा पुरावा वाटत असणार. एका बाईने पदर नाकाला लावला. बैलांनी मान हलवली, घुंगरू वाजले. बाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली नाही. अध्यक्ष ओट्यावर उभे होते. त्यांनी घड्याळ काढून पाहिले.

मग गाडी एका बाजूला कलली. आत्या उतरली होती.

ती गर्दीतून सरळ पटांगणात गेली. आप्पांना ती अण्णा म्हणे, आणि त्यांच्याशी नेहमी कानडीत बोले. त्या दिवशी मात्र मराठीत बोलली, सगळ्यांना कळावे म्हणून.

"अण्णा, रुमाल घेऊन ये हितं."

आप्पा खांद्यावरचा रुमाल काढीत पुढे गेले. आणि त्या रुमालाबरोबर गर्दीच्या चेहऱ्यांवरचे काहीतरी बदलले, कारण निपाणीत रुमालाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नसे. वखारीत मालाचा भाव तोंडाने ठरत नाही. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात, आणि बोटे दाबून आकडा सांगतात. शेजारी उभ्या असलेल्याला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. तिथे जे बोटांना कळले ते खरे. त्यावर कुणी उलटत नाही, आणि त्यात लबाडी करणाऱ्याशी गावात पुन्हा कुणी सौदा करीत नाही.

आत्याने डावा हात आप्पांच्या रुमालाखाली दिला. उजव्या हाताने स्वतःचा पदर ओढून बाईंच्या डोक्यावरून चेहऱ्यावर सोडला आणि तो हात पदराआड नेला. आप्पा आकडा तिला देणार, ती तेवढी बोटे गालाला लावणार, आणि बाईंनी सांगायचे. रुमाल किंचित हालला.

आत्याचा कोपर पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"तीन," बाई म्हणाल्या. "उजवीवर."

आप्पांनी मान डोलावली. आप्पांचे मान डोलावणे गावोगावच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. पुन्हा रुमाल हालला.

"एक. अंगठा आहे, नाकाच्या कडेला."

आप्पांनी मान डोलावली. मग आप्पांनी, जातीच्या तंबाखूवाल्या माणसाने, मूठ मिटून शून्य दिले असावे, कारण रुमाल हालला आणि पदराआड आत्याचा हात हालला नाही. सारी गर्दी वाट पाहत होती. एक कावळा चिंचेवरून उडाला. मग बाई शाळेतल्या त्याच जरबेने म्हणाल्या, "आक्का, हात लावल्याशिवाय उत्तर विचारू नये."

कुंपणाशी कुणीतरी हसले. ते हसू बायकांतून वाऱ्यासारखे गेले. आप्पांच्या मिशीखालीही काही हलले. पण आत्या हसली नाही. तिने पदर दूर केला, आणि उघड, सगळ्यांच्या देखत, दोन्ही तळवे बाईंच्या दोन्ही गालांवर टेकले, खपल्यांवर, जखमांवर, जसे आपण तापलेल्या लेकराचे तोंड धरतो तसे. बाईंचे मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

"ह्ये रगतपितीनं न्हाय झालं," आत्या म्हणाली. तिचा आवाज वखारीत मोठा असे. तिथे तो लहान आला, पण पोचला. "चुना घालून तंबाखूचा काढा म्या बांधला ह्यांच्या तोंडाला. माज्या वखारीतला."

वखारवाल्यांच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. अध्यक्षांनी घड्याळ खिशात ठेवले. काही बायका पदर सावरीत निघून गेल्या, आणि त्या परत आल्या नाहीत. काही तिथेच घुटमळल्या. एक, जिची मुलगी माझ्या शेजारी बसे, चार पावले पुढे आली, थांबली, मग आणखी चार आली आणि तिने आपली छत्री बाईंच्या डोक्यावर धरली.

मी गाडीत ट्रंकेवर बसले होते. आप्पा पटांगणातून येताना दिसले, रुमाल झटकीत, घड्या घालीत, तो खांद्यावर टाकीत, कुणाकडे न पाहता. ते बैलांपाशी आले. बैलाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. मला वाटले आता ते पुढे चढतील, कासरा धरतील, आणि रस्ता मोकळा झालाच आहे. ते तिथेच उभे राहिले. मग मागे वळून गाडीच्या मागच्या बाजूला आले, माझ्याकडे पाहिले, आणि ट्रंकेच्या कडीला हात घालून म्हणाले,

"उतर."